उडी झाली, कान वरच राहिले

कानाच्या डॉक्टरला विचारा: स्कायडायव्हिंग विशेष

यावेळच्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं विमानातून उडी मारणाऱ्यांची निघाली, त्यामुळे बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवतेय, रागावू नका. मी स्वतः हौसेने उड्या मारते आणि एकदा स्वतःचाच कान बिघडवून घेतलाय, म्हणून हा विषय निघाला की जरा जास्तच बोलते.

मॅडम, परवा पहिली टँडम उडी मारली, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून. वर जाताना कान दोन-चारदा टक् टक् वाजले, त्रास काही नाही. खाली आल्यावर मात्र दोन्ही कानांना दडे बसले. डावा तासाभरात सुटला, उजवा अजून तसाच आहे, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतोय. वर जाताना काही झालं नाही मग खाली येतानाच का? आणि पडदा फाटला नसेल ना?

आधी शेवटचं सांगते म्हणजे जीव भांड्यात पडेल. नुसतं दडे बसणं, आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटणं, आणि बाकी दुखणं, चक्कर, रक्त, पाणी यातलं काही नसणं, असं असेल तर बहुतेक वेळा पडदा शाबूत असतो आणि दोन-चार दिवसांत कान आपोआप सुटतो. पडदा फाटताना बहुधा एकदम जोरात कळ येते आणि मग गंमत म्हणजे दुखणं कमी होतं, कारण दाब निघून जातो, आणि कानातून थोडं रक्त किंवा पाणी येतं. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही.

आता वर आणि खाली यातला फरक. पडद्याच्या आत एक छोटी हवेची खोली आहे, तिला मधला कान म्हणतात, आणि त्या खोलीला एकच दार, युस्टेशियन नळी, जी नाकाच्या मागे घशात उघडते. मोठ्या माणसात साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब. ही नळी एरवी बंदच असते, आवंढा गिळला, जांभई दिली की क्षणभर उघडते. वर जाताना बाहेरची हवा विरळ होते, आतली हवा फुगते आणि ते दार आतून ढकलून बाहेर पडते, तोच तुमचा टक् आवाज, त्यात तुम्हाला काहीच करावं लागत नाही. खाली येताना उलटं. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, आणि हवा बाहेरून आत यायला हवी असते, पण घशाकडचा नळीचा भाग मऊ आहे, बाहेरच्या दाबाने तो आणखी चिकटतो. म्हणजे आतून ढकललं तर उघडतं आणि बाहेरून ढकललं तर जास्त बंद होतं असं ते दार आहे. स्नायूंनी ते उघडावं लागतं.

तरी विमानप्रवासात इतका त्रास होत नाही आणि उडीत होतो, कारण वेग. प्रवासी विमानात आतला दाब राखलेला असतो, जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असल्यासारखा, आणि उतरताना केबिनमधली ही कृत्रिम उंची मिनिटाला ३०० ते ५०० फुटांनी कमी करतात, म्हणजे ८,००० फूट उतरायला वीसेक मिनिटं सहज मिळतात. तुम्ही उडी मारली असेल समजा १३,००० फुटांवरून आणि पॅराशूट उघडलं असेल ५,००० च्या आसपास, म्हणजे तेवढेच ८,००० फूट, पण पाऊण ते एक मिनिटात! १३,००० फुटांवर हवेचा दाब साधारण ४६५ मिलिमीटर पारा, ५,००० वर ६३२, जमिनीवर ७६०. फ्री फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडायच्या आधी पडताना, १६७ चा फरक मिनिटभरात आणि पॅराशूटखाली आणखी १२८ चा फरक पाचेक मिनिटांत. आणि नळीचे स्नायू साधारण ८०-९० मिलिमीटरचा फरक झाला की हरतात, त्यापुढे कितीही गिळा, नळी उघडत नाही, त्याला आम्ही कुलूप लागणं म्हणतो. वरच्या हवेत हा फरक व्हायला चारेक हजार फूट लागतात, म्हणजे फ्री फॉलची जेमतेम २५-३० सेकंदं.

मग सगळ्यांचे कान का फुटत नाहीत? कारण माणूस ओरडतो, तोंड उघडतो, आवंढा गिळतो आणि निरोगी नळी मधेमधे आपलं काम करत राहते. ज्यांची जरा आखडलेली असते त्यांना दडे बसतात, तुमच्या उजव्या कानासारखे.

आता काय करायचं, तर दिवसातून पाच-सहा वेळा नाक चिमटीत धरून पाण्याचा एक घोट गिळा, हळूच. च्युइंगगम चघळा. नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे चालेल. कानात तेल, थेंब, काडी, काहीही नको, अडथळा पडद्याच्या पलीकडे आहे, अलीकडून काही घालून तिथे पोचत नाही. आठवडा झाला तरी सुटला नाही, किंवा मधेच दुखू लागला, तर कान दाखवा. तोपर्यंत दुसरी उडी नाही, पोहताना बुडी नाही.

ताई, मी कोर्स करतोय, सात उड्या झाल्या. फुल फेस हेल्मेट घेतलंय, त्यात नाकापर्यंत हात जात नाही. मग कान कधी आणि कसे सोडवायचे? फ्री फॉलमध्ये व्हायझर, म्हणजे पुढची काच, उघडू का?

नाही रे बाबा, फ्री फॉलमध्ये व्हायझरला हात लावायचा नाही. सात उड्या म्हणजे तू अजून शरीर स्थिर ठेवायला शिकतोयस, एक हात तोंडाकडे गेला की फिरायला लागशील आणि उंचीवरचं लक्ष उडेल. कान दुखला म्हणून कोणी मरत नाही, वेळेवर पॅराशूट न उघडल्याने मरतात. हा क्रम डोक्यात पक्का ठेव.

हाताशिवाय होणारे प्रकार फ्री फॉलमध्ये कर. आवंढा गिळणं हा सगळ्यात सोपा, पण भीतीने तोंड कोरडं पडतं आणि गिळायला काहीच उरत नाही, म्हणून विमानात बसल्यावर थोडं पाणी पी. दुसरं, जबडा पुढे आणि आजूबाजूला हलव, तोंड मिटून जांभई आल्यासारखं कर, घशाच्या मागे कुठेतरी ताण जाणवतो आणि कानात बारीक तडतड ऐकू येते, ती तडतड म्हणजे नळी उघडतेय. काही लोकांना हे स्नायू नुसत्या मनाने हलवता येतात, त्यांना नाक धरावंच लागत नाही. हे जमिनीवर शिकून ये, आरशासमोर, बसमध्ये, कुठेही. वर जाऊन पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

नाक धरायचा कार्यक्रम पॅराशूटखाली. पॅराशूट उघडलं, नीट उघडलंय का पाहिलं, वळवून आणि ब्रेक मारून तपासलं, आजूबाजूला कोण आहे बघितलं, आणि मग व्हायझर वर करून नाक धर. लगेच धर, बरं का. बरेच जण देखावा बघत बसतात आणि दोन हजार फुटांवर आठवण होते, तोवर कुलूप लागलेलं असतं. खालची हवा दाट, त्यामुळे वर हजार फुटांना २१ मिलिमीटर दाब वाढतो तर खाली २५-२६ ने वाढतो, म्हणजे उशीर केलास तर काम अवघड होत जातं. हजार फुटांच्या खाली आलास की कान विसर, तिथून पुढे फक्त लँडिंग.

आता नाक धरून नक्की काय करायचं यात सगळ्यांचा घोळ असतो म्हणून सविस्तर लिहिते. आपण जे सर्रास करतो, नाक धरायचं आणि गाल फुगवून जोर लावायचा, त्याला वाल्साल्वा म्हणतात. अँटोनिओ वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ च्या पुस्तकात ते लिहिलं आणि तेही विमान-बिमान नसताना, वाहणाऱ्या कानातला पू बाहेर काढायला! चालतं, पण जोर छातीतून येतो आणि किती लावला याचा अंदाज राहत नाही. दुसरा प्रकार टॉयनबीचा, नाक धरून आवंढा गिळायचा, हा सौम्य, पण फरक जास्त झाला असेल तर पुरत नाही. तिसरा फ्रेन्झेलचा, हे कानाचे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांना शिकवायचे, कारण सूर मारणाऱ्या बाँबर विमानात त्यांची हीच अडचण होती. नाक धरायचं, घसा आतून बंद करायचा, जड काही उचलताना करतो तसा, आणि जिभेचा मागचा भाग वर ढकलून क् असा आवाज काढल्यासारखं करायचं. छातीचा संबंधच नाही, फक्त तोंडातली हवा. एकदा जमलं की अर्ध्या सेकंदात होतं आणि दहादा करता येतं. मी हाच वापरते. शिकायला मला आठवडा लागला, माझ्या एका पेशंटला पाच मिनिटं लागली, ती गाणं शिकायची, तिला घसा कुठे बंद होतो ते आधीच ठाऊक होतं.

काहीही केलंस तरी थोडं थोडं आणि वारंवार. कान उघडायचा असतो, फुगवायचा नसतो.

थोडी सर्दी आहे, शनिवारची उडी बुक आहे, पैसे परत मिळत नाहीत. नाकात स्प्रे मारून उडी मारली तर चालेल का?

हा प्रश्न तीन पत्रांत आलाय, एकाने तर "थोडी" या शब्दाला दोनदा अधोरेखित केलंय.

माझी गोष्ट ऐका. शिकत होते तेव्हाची. चार महिन्यांनी सुट्टी मिळालेली, नाक चोंदलेलं, पण मी कानाचीच डॉक्टर होणार होते ना, मला कोण सांगणार. स्प्रे मारला, वर गेले, कान मस्त टक् टक् वाजत होते, म्हटलं झालं काम. इथेच फसले, कारण वर जाताना कान वाजतात यातून खाली येताना वाजतील हे मुळीच सिद्ध होत नाही, वर सांगितलं तसं हवा बाहेर पडायला काही लागत नाही. फ्री फॉलच्या मध्यावर डाव्या कानात कोणी सुई घालून फिरवतंय असं झालं. पॅराशूटखाली नाक धरून जोर लावला, आणखी लावला, काही नाही. उतरले तेव्हा डाव्या बाजूचं जग बंद. सहकाऱ्याने दुर्बिणीतून बघितलं आणि नुसता हसला, पडद्यामागे रक्त साठलेलं, पडदा निळसर काळा. तीन आठवडे पेशंटला माझ्या उजव्या बाजूला बसवून त्यांचं ऐकायची, कारण माझा उजवा कान त्यांच्याकडे हवा.

सर्दीत होतं काय, नळीच्या आतली त्वचा सुजते. नळी मुळात बारीक, सूज आली की स्नायू ओढतात तरी उघडत नाही. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे नाकाची सूज उतरवतो, नाक मोकळं वाटतं, पण नाक मोकळं म्हणजे नळी मोकळी नव्हे. औषध नाकाच्या पुढच्या भागात जास्त लागतं, नळीचं तोंड पार मागे. शिवाय त्याचा असर उतरला की काही जणांना सूज उलट जास्त येते. आणि चार-पाच दिवसांहून जास्त मारत राहिलात तर नाकाला त्याची सवय लागते आणि स्प्रेशिवाय नाक उघडेनासंच होतं, असे पेशंट मी दर आठवड्याला बघते.

पण खरं कारण वेगळंच आहे. पाणबुड्याचा कान अडकला तर तो दोन हात वर येतो, फरक कमी होतो, कान सुटतो, मग परत खाली जातो. पायलट विमान वर घेऊ शकतो. तुम्ही एकदा दारातून बाहेर पडलात की वर जायचा रस्ता नाही, कुलूप लागलं तर ते घेऊनच जमिनीवर यायचं. त्यामुळे हा निर्णय विमानाच्या दारात घेण्यासारखा नाहीच, तो जमिनीवर घ्यायचा.

तो असा घ्या. सकाळी उठल्यावर, औषध न घेता, नाक धरून हलकेच हवा ढकला. दोन्ही कान टक् झाले, एकाच वेळी किंवा एकामागून एक, आणि फार जोर लागला नाही, तर जा. एक होतोय आणि दुसरा नाही, किंवा होण्यासाठी चेहरा लाल होईपर्यंत जोर लागतोय, तर नाही. पैसे गेले तर गेले. ड्रॉप झोनला, म्हणजे उड्या घेणाऱ्या केंद्राला, फोन करून विचारा मात्र, आजारी माणसाला वर नेण्यात त्यांचाही फायदा नसतो, तारीख बदलून देतात बरेचदा. सर्दी पूर्ण गेल्यावरही आठवडाभर नळी सुजलेली राहू शकते, म्हणून परत हीच परीक्षा घ्या.

विमानात बसून वर गेल्यावर लक्षात आलं की कान ठीक नाही, तर विमानातून खाली या, लाज कसली त्यात. फक्त इन्स्ट्रक्टरला आणि पायलटला सांगा, कारण उड्या सोडून झाल्या की ही विमानं रिकामी होऊन सूर मारल्यासारखी खाली येतात. आत कोणी कान धरून बसलंय हे कळलं तर पायलट हळू उतरवेल.

ज्यांना सर्दी नाही पण ॲलर्जीमुळे नाक कायम जरा भरलेलं असतं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे उपयोगी पडतो, पण तो आज मारला आणि आज गुण आला असा नसतो, रोज मारून एक-दोन आठवड्यांनी फरक कळतो, म्हणजे उडीच्या आधी महिनाभर सुरू करा. मारताना स्प्रेचं टोक नाकाच्या मधल्या भिंतीकडे न धरता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने धरा, नाहीतर नाकातून रक्त येतं आणि मग औषधाला दोष देता. स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तदाब, हृदय, काचबिंदू, प्रोस्टेट यातलं काही असेल तर त्या भोवतात. आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्या घेऊन उडी मारणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

वाऱ्याचा आवाज फार होतो म्हणून कानात बोळे किंवा इअरप्लग घातले तर दाबाचाही त्रास कमी होईल का?

घट्ट बसणारे प्लग नकोत, उलट वाईट. प्लग आणि पडद्याच्या मध्ये हवा अडकते, खाली येताना ती आक्रसते, प्लग आत खेचला जातो आणि पडदा बाहेर ओढला जातो. मळाचा घट्ट खडा असेल तरी हाच प्रकार, तो आधी काढून घ्या, काडीने नाही, डॉक्टरकडून. आवाजासाठी छिद्र असलेले प्लग मिळतात ज्यातून हवा जा-ये करते, ते चालतील. पण त्यांनी मधल्या कानाचं काम होत नाही, ते नळीलाच करावं लागतं. आणि इन्स्ट्रक्टरचं ऐकू येत नसेल तर तेही नकोत.

उडी झाल्यावर घरी आलो, रात्रभर भुवईच्या वर सुरे खुपसल्यासारखं दुखत होतं आणि सकाळी नाक शिंकरलं तर रक्त. कान एकदम ठणठणीत आहेत. मेंदूला काही झालं नसेल ना?

मेंदूला नाही, सायनसला. कपाळाच्या हाडात, गालांच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत आणि त्यांनाही नाकात उघडणारी बारीक भोकं असतात. भोक सुजलेलं असेल तर खाली येताना पोकळीत हवा शिरत नाही, आतली त्वचा ओढली जाते, सुजते आणि तिथून रक्त येतं. कपाळातल्या सायनसची वाट लांब आणि चिंचोळी, म्हणून त्रास बहुतेक भुवईवर. कानासारखी इथे गिळून उघडायची सोय नाही, भोक आहे तसं आहे, त्यामुळे ज्यांना हा त्रास होतो त्यांनी नाक पूर्ण बरं असल्याशिवाय वर जायचंच नाही. आता वाफ, मिठाच्या पाण्याचा स्प्रे आणि नेहमीची चालणारी दुखण्यावरची गोळी. ताप आला, पिवळा-हिरवा शेंबूड आला, डोळ्याभोवती सूज आली, डोकं असह्य दुखलं तर वाट बघू नका.

वरच्या दाढा दुखत असतील तर बरेचदा तेही गालाच्या सायनसचंच असतं. एकच दात दुखत असेल तर मात्र दाताच्या डॉक्टरकडे जा, भरलेल्या दाताखाली अडकलेली हवा किंवा आतली कीड दाबाने दुखते.

पॅराशूटखाली कान सुटत नव्हता म्हणून नाक धरून जोर लावला, एकदम कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि सगळं गरगरायला लागलं. कसाबसा उतरलो. आज चौथा दिवस, चालताना तोल जातो, त्या कानात शिट्टी वाजतेय आणि ऐकू कमी येतं. मित्र म्हणतात दडे बसलेत, जाईल.

तुम्हाला उत्तर मी पत्र मिळाल्याच्या दिवशीच फोन करून दिलं, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

हे दडे नाहीत. मधल्या कानाच्या पलीकडे आतला कान आहे, त्यात पाणी आहे, आणि दोघांच्या मध्ये दोन छोट्या खिडक्या आहेत, पातळ पापुद्र्याच्या. कुलूप लागलेलं असताना जोरात वाल्साल्वा केला की छातीतला दाब डोक्यातल्या पाण्यातून आतल्या कानापर्यंत पोचतो, आणि पलीकडे मधल्या कानात तर ओढ असते, दोन्हींच्या मध्ये तो पापुद्रा फाटू शकतो आणि आतलं पाणी झिरपायला लागतं. तोल, शिट्टी, ऐकू कमी येणं, तिन्ही एकत्र असतील तर ही तातडीची बाब आहे, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे. आतल्या कानाचं ऐकणं गेलं असेल तर स्टेरॉइडचा उपयोग जितक्या लवकर सुरू कराल तितका, आठवडे घालवल्यावर फारसा नाही. तोवर डोकं उंच ठेवून झोपा, कुंथू नका, वजन उचलू नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंका आणि नाक धरून काहीही करायचं नाही, एकदाही नाही.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून हंऽऽऽ असा आवाज काढा. नुसते दडे असतील तर गुणगुणणं बंद कानात जास्त ऐकू येतं. चांगल्या कानातच जास्त ऐकू येत असेल तर बिघाड आत आहे, पळा. यावर भरवसा टाकून घरी मात्र बसू नका, ही श्रवणतपासणी नव्हे.

एक साधी चक्करही असते, तिने घाबरू नका. एक कान सुटला आणि दुसरा नाही, तर दोन्हीकडच्या दाबात फरक पडतो आणि काही सेकंद, फार तर मिनिटं, गरगरतं. दुसरा सुटला की थांबतं. पॅराशूटखाली असं झालं तर वळणं बंद, नजर क्षितिजावर, आणि आवंढा गिळत राहायचं. जमिनीवर आल्यावरही चालूच असेल तर वरचा परिच्छेद परत वाचा.

मी टँडम इन्स्ट्रक्टर आहे. दिवसाला आठ-दहा उड्या होतात. पाहुण्यांना कानाबद्दल काय सांगू? आणि माझ्या कानांचं काय?

विमानात हार्नेस आवळताना एक वाक्य घाला: पॅराशूट उघडल्यावर मी खांद्यावर थाप मारेन, तेव्हा नाक धरून गिळायचं. एवढंच. जमिनीवर दहा सूचनांमध्ये सांगितलेलं कोणाला आठवत नाही. कान दुखतोय म्हणाला तर गोल गोल फिरवू नका, जोरात वळलं की पॅराशूट दुप्पट वेगाने खाली येतं आणि तुम्हाला मजा म्हणून दिलेली गिरकी त्याला आठवडाभर पुरते. सरळ, हळू उतरवा. आणि बुकिंगच्या वेळीच सर्दी आहे का विचारायची पद्धत पाडा, लोक वर पोचल्यावर सांगतात.

तुमच्या कानांबद्दल, दर उडीला थोडी सूज राहिली की ती साठत जाते, सकाळची पहिली उडी सोपी आणि आठवी जड असं होत असेल तर तेच. तो दिवस तिथेच थांबवा. वर्षातून एकदा ऐकण्याची तपासणी करा, दाबापेक्षा वाऱ्याच्या आवाजाने तुमचे कान जास्त झिजतात.

लहानपणी पडद्याला भोक होतं, ऑपरेशन करून बुजवलंय. उडी मारता येईल?

पडद्यावर लावलेलं ठिगळ नीट जुळलं असेल आणि नळी चालत असेल तर बहुतेक डॉक्टर काही महिन्यांनंतर हरकत घेत नाहीत, पण ऑपरेशन करणाऱ्यालाच विचारा. गंमत अशी की ज्यांच्या पडद्याला कोरडं भोक आहे किंवा ग्रोमेट, म्हणजे हवेसाठी बारीकशी नळी, बसवलंय त्यांना दाबाचा त्रास होतच नाही, हवेला दुसरा दरवाजाच असतो! मात्र कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाचं ऑपरेशन झालंय, कृत्रिम हाड बसवलंय, त्यांनी माझ्या उत्तरावर जाऊ नये, लेखी परवानगी घ्यावी.

सुट्टीत सकाळी स्कूबा आणि दुपारी स्कायडायव्हिंग असा बेत आहे. कानांना एकाच दिवशी दोन्ही झेपेल?

कान राहू द्या, बेतच रद्द करा. स्कूबाने रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि लगेच उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. एका बुडीनंतर १२ तास, बऱ्याच बुड्या असतील तर १८ तास विमानात बसू नका असं जे सांगतात ते ८,००० फुटांपर्यंतच्या केबिनसाठी आहे, तुमचं विमान दाब न राखलेलं आणि १३,००० वर जाणारं. पूर्ण एक दिवस तरी मध्ये ठेवा, जास्त चांगलं. उडी आधी, स्कूबा नंतर असं केलं तर नायट्रोजनचा प्रश्न नाही, फक्त उडीनंतर कान सुटलेला हवा.

विंड टनेलमध्ये तासभर उडलो, कानाला काहीच झालं नाही. म्हणजे खऱ्या उडीतही होणार नाही ना?

टनेलमध्ये तुम्ही जमिनीपासून चार-पाच मीटर वर असता, वारा खालून येतो पण उंची बदलत नाही, म्हणून दाबही बदलत नाही. तुमचे पोटाचे स्नायू तयार झाले असतील, कानाची परीक्षा अजून व्हायचीय. नाक धरून गिळून बघा आणि काय होतं ते कळवा.